जळकोट तालुका सोडून

गुरांच्या बाजारात मी दलाली करतो. उपरण्याखाली बोटं धरून सौदे करण्यात माझं आयुष्य गेलं. म्हैस घेताना किंमत दावं धरून का दाव्याशिवाय, हे विचारल्याशिवाय मी हात सोडत नाही. तरी भाचीच्या वेळेला एका शब्दावर फसलो.

तिने ज्या शिकवणीवाल्या मास्तरावर केस केली, त्याला जामीन झाला. सुनावणीला आम्हाला कुणी बोलावलं नाही. बातमी कळली ती टपरीवर चहा पिताना. तो राग अजून माझ्या पोटात आहे. खटला संपेपर्यंत आरोपीने जळकोट तालुक्यात येऊ नये आणि पीडितेशी संपर्क साधू नये, अशी अट होती. मी म्हणालो, झालं, त्याचं गाव सुटलं.

पुढे भाची नर्सिंगला नांदेडला गेली. दुसऱ्याच महिन्यात तिचा फोन आला.

"मामा, तो हॉस्टेलसमोर रसवंतीवर बसून राहिलाय. बोलत न्हाई. नुसता बघतो."

पहिली एसटी धरून मी नांदेड गाठलं. मला पाहून तो हसला.

"मामा, हे जळकोट न्हाई. कागद वाचा की."

माझा हात त्याच्या गळपट्टीला गेला. भाचीने तो दोन्ही हातांनी ओढून काढला.

"सोडा मामा! त्याचा जामीन राहील बाजूला, अन् तुमच्या जामिनासाठी मलाच फिरावं लागंल."

तिने आधीच चार दिवस त्याचे फोटो काढून ठेवले होते. ते घेऊन आम्ही आमच्या जिल्ह्याला, लातूरला, सरकारी वकील बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अट वाढवून मागू. हॉस्टेलपासून पाचशे मीटर लांब राहावं, असं लिहू."

"हॉस्टेलचं नाव नका लिहू मॅडम," भाची म्हणाली. "ऑर्डरची नक्कल त्यालापण मिळती. अन् उद्या मी खोली बदलली तर?"

मी मध्येच तोंड घातलं. "लातूर, नांदेड दोन्ही जिल्हे मागा. मग कोर्ट एकावर येईल."

"मामा, हा बाजार नाही," वकील बाई तडकल्या.

भाचीला हसू आलं. "मागू द्या मॅडम. मामांनी पहिल्या बोलीत खरं कधी सांगितलं न्हाई. पण मला जिल्ह्याचं काय करायचंय? मी जाईन तिथं त्यानं यायचं न्हाई, असं लिहा."

या वेळी ती स्वतः कोर्टात उभी राहिली. त्याचा वकील म्हणाला, आरोपीला नांदेडला नोकरी मिळाली आहे. जज साहेबांनी तिचं म्हणणं विचारलं.

"साहेब, याच्यापायी मी गाव सोडलं. आता शिक्षण सोडणार न्हाई. नोकरी त्याला दुसरीकडंपण मिळंल."

नांदेड शहर त्याला बंद झालं. शिवाय पीडिता जिथे कुठे राहील, शिकेल किंवा काम करेल, तिथे त्याने फिरकू नये; फिरकला तर जामीन रद्द.

नक्कल हातात आल्यावर कोर्टाच्या पायरीवर तिने ती दोनदा वाचली, एकेका शब्दावर बोट ठेवून. नांदेडला एसटीतून उतरल्यावर मी म्हणालो, चल, हॉस्टेलपर्यंत येतो.

"कशाला? तुमी परतीची गाडी धरा," ती म्हणाली. "मला तीनची ड्युटी हाय."

आणि रिक्षाला हात करून ती एकटी गेली.