साचलेल्या पाण्यात बाबांच्या अस्थी

बाबांचा दहावा होता आणि मी देवाला शिव्या देत घाटावर गेले. खोटं कशाला सांगू? आमच्या घरात दहाव्याला बायका नदीवर जात नाहीत. पण अस्थींचं मडकं मी छातीशी धरलं होतं, आणि ते काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. जाताना बाबा एवढंच बोलले होते, "मले आपल्या घाटावरच सोडजा, दुसरीकडे नेऊ नका." आता तो घाट कसा झाला आहे, ते पवनीत राहणाऱ्याला सांगायला नको. खाली गोसीखुर्दचं धरण झालं, पाणी मागे चढलं आणि तिथेच थांबलं. वरच्या शहरांची घाण त्यात येऊन बसली. काठापासून पार आतपर्यंत जलकुंभीची वेल माजलेली, आणि वास असा की नाकाला पदर लावावा.

बाबा विणकर होते, करवतीकाठी लुगडी विणायचे. सकाळी मागावर बसण्याआधी खराटा घेऊन घाटावरच्या महादेवाच्या पायऱ्या झाडायचे, आणि जो कुणी भेटेल त्याला धरून गावाचा इतिहास ऐकवायचे. हा परकोट, हा खंदक, हे देऊळ कुणी बांधलं, त्या टेकडीवर खोदकामात स्तूप कसा निघाला. त्यात खरं किती आणि तिखटमीठ किती, देव जाणे. एकाच खांबाच्या तीन वेगळ्या गोष्टी मीच त्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. पण देऊळ असो की स्तूप, त्यांना सगळं आपल्याच घरचं वाटायचं. अशा माणसाची हाडं या गटारात सोडायची? मी महादेवाकडे बघून मनात म्हटलं, ज्यानं जन्मभर तुझी पायरी झाडली त्याच्यासाठी ओंजळभर वाहतं पाणी तुला ठेवता आलं नाही? मग कशाला बसला आहेस तिथे?

भाऊ जवाहरनगरला फॅक्टरीत आहे, स्वभावानं गरीब. तो हळूच म्हणाला, "बाई, सोडून दे ना आता. लोकं खोळंबून राहिले."

"तुले एवढी घाई असंन तं तुई फटफटी टाक त्या पाण्यात," मी म्हटलं.

पिंड मांडून झाले. कावळे पिंपळावर बसलेले, पण एक खाली उतरेना. रीतीप्रमाणे भावानं हात जोडले. बहिणीला अंतर देणार नाही, घर विकणार नाही, माग मोडणार नाही, जे सुचेल ते कबूल केलं. कावळे ढिम्म. ऊन चढलं तशी माणसं चुळबुळ करू लागली, आणि भटजी म्हणाले की दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ, शास्त्रात सोय आहे. माझं डोकं सणकलं. "मेलेल्या माणसालेही फसवता का आता?" मी सगळ्यांदेखत बोलले. बाबांचं त्या घाण पाण्यापाशी अडलं आहे ते मला दिसत होतं. त्यावर उपाय दिसत नव्हता, म्हणूनच इतका संताप येत होता.

तेवढ्यात माझ्या मागून एक बाई खाली उतरली. साठीच्या आसपासची, हातात लांब दांड्याचं दाताळं. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं लुगडं वर खोचलं, गुडघाभर पाण्यात शिरली आणि जलकुंभी ओढून काठावर टाकू लागली. मी विचारलं, "तुम्ही कोण? काहून करून राहिल्या हे?"

ती न थांबता म्हणाली, "बाबाजी गेल्याचं आजच समजलं. बुद्धपौर्णिमेले टेकडीवर येत, आमच्यासंगं झाडू मारत. आमच्यात हे पिंडगिंड नाही राहत, बाई. पण नदी तं सगळ्यायची आहे."

मी मडकं पायरीवर ठेवलं आणि पाण्यात उतरले. मग भाऊ पँट दुमडून आला. मग एकेक करत बाकीचे. त्या घाणीत आम्ही सगळे हातानं वेल ओढत होतो. हळूहळू अंगणाएवढं पाणी मोकळं झालं. स्वच्छ नव्हतंच, काळपट होतं, पण त्यात आभाळ दिसत होतं. वळून पाहिलं तर एक पिंड विस्कटलेला. कुणी म्हणालं कावळा होता, कुणी म्हणालं कुत्रं. मी पाहिलं नाही, आणि त्यावर मी वाद घालत नाही.

भावानं मडकं उचललं, आम्ही दोघांनी मिळून पाण्यावर धरलं. राख गेली, अस्थी गेल्या, तरी माझी बोटं मडक्याच्या काठाला चिकटलेलीच. ती बाई जवळ आली आणि माझ्या मनगटावर ओला हात ठेवून म्हणाली, "सोड वं माय. गेले ते." तेव्हा मी सोडलं, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

माझा राग गेला असं समजू नका. घाट आजही नासलेला आहे आणि ज्यांनी नासवला त्यांना मी माफ केलेलं नाही. देवावर सोडणं म्हणजे हात बांधून बसणं, असं मला वाटायचं, म्हणून तर ते मला कधी जमलं नाही. त्या बाईला महादेवानं पाठवलं की तिच्या बुद्धानं, की ती आपल्या मनानं आली, मला ठाऊक नाही. उपकार मात्र मी मानते, ज्याचे असतील त्याचे. दर सोमवारी महादेवाला जाते. त्याची खालची पायरी आता पाण्यात असते, तिच्यावर डोकं टेकायचं तर आधी घाणीत उतरून ती मोकळी करावी लागते. मी भांडत भांडत उतरते.