नकाशातली विहीर

आमची गोड्या पाण्याची विहीर भावबंदांकडे जायची होती, ती एका नकाशामुळे राहिली. तो नकाशा मला वाचता आला, कारण चौथीत एका गुरुजींनी नकाशा कसा धरायचा ते शिकवलं होतं. त्यांचे उपकार आजवर कुठे लिहिले नव्हते, ते आता लिहिते.

माझी शाळा चौथीपर्यंतच. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी. शाळेच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेले चार नकाशे होते. एकात राज्यं वेगवेगळ्या रंगांनी दाखवलेली, दुसऱ्यात डोंगर तपकिरी आणि सखल भाग हिरवा, तिसरा पिकांचा, चौथा पावसाचा. पावसाच्या नकाशात आमचा सगळा किनारा गडद निळा. मी म्हटलं, "पाऊस पडतो हे सांगायला नकाशा कशाला? छप्पर सांगतं की."

गुरुजी म्हणाले, "तुला छप्पर सांगतं. सोलापूरच्या मुलीला कोण सांगणार?"

एकदा त्यांनी बंदरावरून कुणाचा तरी दर्यावर्दी नकाशा मागून आणला. त्यात जमीन कोरी होती आणि समुद्रभर आकडे. हे खोलीचे आकडे, गलबताला जमिनीशी काय करायचंय, असं गुरुजी म्हणाले. ज्याला जे लागतं ते त्याच्या नकाशात असतं, बाकीचं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

मग आपल्या गावाचा नकाशा काढायला सांगितला. मी डोंगर कागदाच्या वरच्या बाजूला काढला आणि समुद्र तळाला. आमच्याकडे डोंगर वर आणि समुद्र खाली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वर्ग हसला, कारण नकाशात वर उत्तर असते आणि समुद्र डाव्या हाताला यायला हवा होता. मला वाटलं छडी बसणार. गुरुजींनी माझ्या कागदावर फक्त एक बाण काढला आणि म्हणाले, "उत्तर कुठे ते दाखव आणि मग कागद हवा तसा धर. पायाखालच्या जमिनीशी जुळला पाहिजे, एवढंच." दुसऱ्या दिवशी आम्हाला नकाशा घेऊन समुद्रापर्यंत चालवलं आणि प्रत्येक वळणावर कागद फिरवायला लावला.

साठ सालाच्या आधी माझं लग्न झालं. सासर अगदी समुद्राला लागून. चैत्र लागला की वाडीतल्या विहिरी मचूळ होत, आमच्या एकाच विहिरीचं पाणी गोडं राही. नवरा मुंबईला गिरणीत, घरी मी आणि सासू. आमचं पटत नसे. मुलाची पत्रं तिला माझ्या तोंडून ऐकावी लागत, याचा तिला राग होता. मी मधलं काहीतरी गाळते, असा तिचा संशय. कधीकधी मी गाळायचेही.

आमच्या आणि चुलत सासऱ्यांच्या जमिनीमध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा, वाहतो. तीच हद्द. माझ्या लग्नाआधी एका मोठ्या पुरात व्हाळाने वाट बदलली आणि आमची विहीर पलीकडे गेली. बरीच वर्षं कुणी काही बोललं नाही. मग एका उन्हाळ्यात चुलत सासऱ्यांनी मोजणी मागवली.

मोजणीदार साखळी आणि जुना गावनकाशा घेऊन आला. तो घाटावरचा होता, आमच्या जमिनी त्याने कधी पाहिल्या नव्हत्या. हद्दीचा दगड काही सापडेना.

चुलत सासरे म्हणाले, "वयनी, व्हाळ ही हद्द. व्हाळाच्या अल्याड तुमचा, पल्याड आमचा. बाव पल्याड आसा."

सासूचं तोंड उतरलं. विहीर गेली तर उन्हाळाभर दुसऱ्याच्या दारात कळशी घेऊन उभं राहायचं. मोजणीदाराने आताच्या व्हाळापासून साखळी लावली. माप जुळेना. तो म्हणाला, "कागद जुना आहे, आकसलाय. पाच-सहा हात इकडेतिकडे व्हायचेच."

चुलत सासऱ्यांसमोर सुनेने तोंड उघडायचं नसे. मी पदर ओढून सासूच्या मागे उभी होते. त्याच्या हातातल्या कागदावरचा समुद्र डोंगराकडे आलेला दिसला, तेव्हा तिथूनच हळू म्हटलं, "आई, कागद उलटो धरलो हा. बाण खंय आसा ता इचारा."

"काय गो पुटपुटतस?"

"इचारा तरी."

सासू ओरडली, "ओ साहेब, बाण खंय आसा?"

मोजणीदाराने दचकून बाण दाखवला. मी सासूच्या खांद्यावरून पाहिलं, मनातल्या मनात कागद फिरवून समुद्र पायाशी आणला, आणि मग सगळं दिसलं. नकाशातल्या व्हाळाला एक मोठं वळण होतं. त्या वळणाच्या आत, आमच्या बाजूला, विहिरीची खूण म्हणून बारीक गोल. आणि समोरचा व्हाळ दोरी ताणल्यासारखा सरळ. मी सासूच्या कानात सांगितलं.

"आमची सून सांगता, ह्या कागदात व्हाळ वाकडो आसा आणि हयसर सरळ. ह्या कसा?"

चुलत सासरे म्हणाले, "बायलमाणसांनी नकाशे वाचूचे, तर साहेबाक कित्याक बोलावलो?"

"मगे तुमी वाचा भावजी," सासू म्हणाली.

मोजणीदाराने कागद नीट पाहिला. "वळण आहे खरं. पण ते होतं कुठे?"

हे मला ठाऊक नव्हतं. नकाशा मला वळण दाखवू शकत होता, जागा नाही. सासू मात्र तरातरा चालत गेली आणि विहिरीपलीकडच्या काळ्या खडकावर हात ठेवून उभी राहिली. "हयसर. माझी वरात ह्याच वाकणातसून इली. लुगडा भिजला म्हणून माझी सासू पयल्याच दिवशी माज्यार वराडली."

खडकाच्या अंगाला खणलं. हातभर खाली व्हाळाचे गुळगुळीत गोटे लागले. थोडं पुढे हद्दीचा दगड आडवा पडलेला. मोजणीदाराने तिथून पुन्हा साखळी धरली आणि या वेळी माप जुळलं. विहीर आमची. चुलत सासरे लबाड होते असं मी म्हणणार नाही. व्हाळ हीच हद्द, असं त्यांचे वडीलही सांगत. व्हाळ हलला एवढं मात्र ते विसरले होते, आणि विसरणं सोयीचं होतं.

सासूने कागदावर अंगठा दिला आणि मोजणीदाराला म्हणाली, "ह्यात माझा घर खंय? माका दाखय."

"घरं नसतात यात, आजी. जमिनीचे नंबर असतात."

"घर नाय? मगे कसलो नकाशो तो!"

त्या रात्री तिने मला आग्रह करून वाढलं. शाबासकी वगैरे दिली नाही. पुढच्या पत्राच्या वेळी मात्र म्हणाली, "वाच. 'सगळा वाच' म्हणान आता माका सांगूचा नाय." मी सगळं वाचलं.

चार दिवसांनी चुलत सासऱ्यांची सून कळशी घेऊन आली आणि नव्याने रोवलेल्या दगडाच्या पलीकडेच थांबली. त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. मी सासूकडे पाहिलं. तिने भांडण काढलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

"उबी कित्याक गो? ये," सासू म्हणाली. "कळशी भर. हद्द जमिनीक आसा, पाण्याक नाय."

ती कळशी भरून गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरचे सगळेच यायला लागले, आणि स्वतःच्या विहिरीवर मला रांगेत उभं राहावं लागलं. ते मात्र मला आवडलं नाही.