इक्बालने बघून निवडलेलं केंद्र

"हा फिट्सचा आजार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचा भाऊ दिवसाला किती गोळ्या घेतो, माहीत आहे का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. त्याच्या बायकोला, नसरीनलाही नव्हतं. इक्बाल पलंगावर डोळे मिटून पडला होता. मी त्याची थोरली बहीण. त्याचं झोपेचं सोंग मी लहानपणापासून ओळखते.

आदल्या दिवशी बुधवार पेठेतल्या दुकानात अँप्लिफायर दुरुस्त करता करता त्याला झटका आला आणि तो कोसळला. मेंदूचा एमआरआय झाला. ईईजी झाला, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढला. दोन्ही ठीक निघाले. मग डॉक्टरांनी त्याला एकट्याला विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं. स्कूटरवरून पडून खांदा मोडला तेव्हा दुखण्यावर ट्रामाडॉल मिळालं होतं, दिवसाला दोन गोळ्या. खांदा बरा झाला, गोळ्या राहिल्या. आता तो वीस घेत होता.

"ओपिऑइड डिपेंडन्स," डॉक्टर म्हणाले. म्हणजे अफूच्या जातीच्या औषधाशिवाय शरीराचं चालेनासं होणं. "हा आजार आहे, चारित्र्याचा दोष नाही. घरी एकदम बंद करू नका, त्रास वाढेल. मी थोड्या दिवसांची कमी होत जाणारी औषधं देतो. तेवढ्यात पुनर्वसन केंद्र शोधा. आणि नीट बघून घ्या."

मी कर्वेनगरच्या एका शाळेत मराठी शिकवते. कोणताही धडा आधी वाचल्याशिवाय वर्गात जात नाही. पण भावासाठी केंद्र शोधताना मी मोबाईलवर सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला.

"शंभर टक्के गॅरंटी, ताई," पलीकडचा माणूस म्हणाला. "पत्ता द्या, गाडी पाठवतो. पेशंटला काही सांगू नका."

नसरीन थकली होती. "आपा, कोणी न्यायला तयार आहे तर नेऊ दे," ती म्हणाली, आणि तिने शुक्रवारची सकाळ ठरवूनही टाकली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी एकटीच ती जागा बघायला गेले. फाटकावरच्या माणसाने आत सोडलं नाही. डॉक्टर कोण, विचारलं तर म्हणाला, "बोलावलं की येतात." घरचे कधी भेटू शकतात? "तीन महिन्यांनी." तेवढ्यात शेजारच्या खिडकीच्या गजाशी एक माणूस आला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, माझ्या घरी एक फोन कराल?" तो नंबर सांगू लागला. फाटकावरचा ओरडला आणि तो माणूस दिसेनासा झाला. माझ्याकडे पाचच आकडे राहिले. त्या पाच आकड्यांचं काहीच करता येत नाही, हे मला आजही सलतं.

तिथून निघाल्या निघाल्या मी त्यांना फोन करून नको म्हणून सांगितलं. तरी शुक्रवारी सकाळी गाडी आली. दोन धिप्पाड माणसं दारात उभी.

"पेशंटला विचारलंय का?" मी म्हणाले.

"पेशंटला विचारत नसतात, ताई."

"आम्ही विचारतो. तुम्ही निघा."

ते बराच वेळ हुज्जत घालत राहिले. शेजारची दारं उघडली, माणसं बाहेर आली, तेव्हा कुठे गेले. मी मागे वळले तर इक्बाल उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"तू बोलावलंस त्यांना?" त्याने नसरीनला विचारलं.

"हो. तुम्हाला पुन्हा तसं पडलेलं मी बघू शकत नाही."

तो खाली बसला. म्हणाला, "मी जातो. पण बघून जातो."

आजाराचं नाव कळल्यापासून त्याने स्वतःसाठी ठरवलेली ती पहिली गोष्ट.

मग आम्ही तिघांनी केंद्रं बघितली. मी वहीत प्रश्न लिहून नेत असे. सरकारी नोंदणी भिंतीवर दिसते का? मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात की नावापुरते? रात्री नर्स असते का? घरच्यांशी फोन होतो का? स्वयंपाकघर आणि संडास आम्ही न विचारता बघायचो. एका ठिकाणी खोल्या हॉटेलसारख्या होत्या, पण मारहाण होते का असं विचारल्यावर तिथले साहेब नुसतेच हसले. आम्ही उठलो.

धायरीच्या केंद्रात देशमाने नावाचे समुपदेशक भेटले. ते स्वतः दारूतून बाहेर पडलेले. माझे सगळे प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकले, कागद दाखवले, डॉक्टरांशी गाठ घालून दिली.

"बरे होतील याची गॅरंटी आहे ना?" नसरीनने विचारलं.

"गॅरंटी मिक्सरला असते, वहिनी. तीसुद्धा कार्ड जपून ठेवलं तर."

इक्बाल हसला. त्याला हसताना बघून किती दिवस झाले होते, मला आठवेना. मग त्याने स्वतःचा एकच प्रश्न विचारला. "मला इथून निघून जायचं असेल तर?"

"लेखी द्यायचं, डॉक्टरांशी बोलायचं आणि जायचं. तुम्ही स्वतः आलात ना? मग कोंडून ठेवणारा मी कोण?"

"मग राहतो," इक्बाल म्हणाला.

पहिले दिवस वाईट गेले. याला विड्रॉल म्हणतात, सवयीचं औषध काढून घेतल्यावर शरीराने केलेलं बंड. थंडी, जुलाब, हाडं पिळवटल्यासारखी दुखणं. नर्स दर काही तासांनी रक्तदाब बघायची, डॉक्टर औषध कमीजास्त करायचे. चौथ्या दिवशी त्याने घरी जायचा अर्ज लिहून दिला. देशमाने म्हणाले, "डॉक्टर चारला येतात. तोवर चहा घ्या." तो चहा प्यायला. चार वाजता डॉक्टर आले तेव्हा त्याने अर्ज परत मागून घेतला.

रविवारी घरच्यांची बैठक असे. तिथे मी म्हणून गेले की नातेवाइकांना आम्ही इक्बाल कामासाठी नाशिकला गेलाय असं सांगितलंय. देशमाने म्हणाले, "त्यांच्या गोळ्या सुटतील, ताई. तुमचं नाशिक कधी सुटणार?" मला राग आला. घरी येईपर्यंत तो राग माझ्यावरच उलटला होता.

तीन महिन्यांनी तो घरी आला. त्यानंतर पाचव्या महिन्यात त्याने पुन्हा गोळ्यांचं एक पाकीट विकत घेतलं. दोन गोळ्या घेतल्या आणि औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून आधी केंद्राला, मग नसरीनला फोन केला. याला रिलॅप्स म्हणतात, घसरणं. आम्ही घाबरलो, पण देशमाने म्हणाले, "स्वतः फोन केला ना? हाच उपचार लागू पडल्याचा पुरावा." तो आठवडाभर पुन्हा तिथे राहून आला. त्या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. त्यानंतर एकही गोळी नाही. त्याचं दुरुस्तीचं दुकान जोरात चालतंय. गणपतीच्या आधी मंडळांचे अँप्लिफायर पायरीपर्यंत रांगेत असतात.

तुमच्या घरात हे आलं असेल तर एवढंच सांगते. जागा स्वतः जाऊन बघा, आणि ज्याला तिथे राहायचंय त्याला बरोबर न्या.

गेल्या महिन्यात इक्बालची दाढ काढली. दवाखाना लहान, डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडं, बाहेर सात-आठ माणसं. डॉक्टर चिठ्ठी लिहू लागले तेव्हा इक्बालचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "डॉक्टर, ट्रामाडॉलसारखं काही देऊ नका. मला त्याचं व्यसन होतं. उपचार घेऊन बरा झालोय."

माझ्या शेजारी आमच्याच गल्लीतल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"इक्बालला? कधी हो? तो तर मध्ये नाशिकला होता ना?"

"नाही," मी म्हणाले. "धायरीला होता." आणि त्यांच्याकडे वळून पहिल्यापासून सगळं सांगायला लागले.