तीन मिनिटांची हाक

"सिस्टर, हात काढा. त्याले आधी सांगू द्या." असं म्हणून आमचे भूलतज्ज्ञ सर बेशुद्ध पेशंटच्या कानाशी वाकायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

खामगावच्या एका खाजगी दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. डोक्याला मार लागलेल्याच्या घशात श्वासाची नळी घालताना सुजलेल्या मेंदूवरचा दाब एकदम वाढतो. तो वाढू नये म्हणून सर आधी शिरेतून औषध द्यायचे आणि घड्याळ लावून तीन मिनिटं थांबायचे. नवे डॉक्टर म्हणत, त्यानं काही फरक पडत नाही. सर ऐकून घेत आणि थांबतच.

त्या तीन मिनिटांत ते पेशंटला घरच्या नावानं हाक मारत. नाव मी नातेवाइकांना विचारून आणायची. हाक मारली की मॉनिटरवरचे ठोके दोन-तीननं हलत. योगायोग असेल. पण तुम्ही तिथं उभे असता तर तुम्हीही घाम पुसला असता.

एकदा भर दुपारी कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या दोघा कामगारांच्या मोटारसायकलला अपघात झाला. एक जागीच गेला. दुसरा आमच्याकडे आला, चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजलेला. दोघांच्या अंगात जिनिंगचा सारखाच शर्ट. अमडापूरहून एकाची आई धावत आली, हा आपलाच म्हणाली, कागदावर अंगठा दिला. नाव सांगितलं सोनू.

सरांनी औषध देऊन हाक मारली. आकडा हलला नाही. पुन्हा मारली.

"सिस्टर, हा सोनू नाही. त्या बाईले आत घ्या."

ती आली. रडत नव्हती. "पाय पाह्यले तवाच मले समजलं," ती म्हणाली. "याची माय नांदुऱ्याहून निघाली हाय. अंगठा द्याले जवळचं कोणी नाही म्हनून तुम्ही याले अकोल्याले धाडलं असतं, अन् हा वाटेतच गेला असता."

आम्ही धाडलं असतं, हे खरंच होतं. मला तिच्याकडे बघवेना. सरांनी घड्याळ पाहिलं, मिनिटभर उरलं होतं. याचं घरचं नाव ठाऊक आहे का, त्यांनी विचारलं. सोनूच्या डब्यातली तिच्याच हातची भाकर रोज खायचा तो. तिनं वाकून हाक मारली, "बाळ्या." चौऱ्याऐंशीचे सत्याऐंशी झाले. सरांनी नळी घातली. तो वाचला.

मग ती म्हणाली, आता माझा दाखवा. सर स्वतः तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, मीही गेले. शवागाराच्या पायरीशी ती थांबली.

"थोडं बसू द्या, साहेब. नाही पाह्यलं तवर तो हाय."

सर गेल्या वर्षी वारले. मला अजून ते त्याच पायरीवर दिसतात, तिच्या शेजारी बसलेले.