पाण्याची टाकी दिसेपर्यंत

ज्योत्सना बपेरा गावची. वडील आसाराम तलावात मासे धरतात. ती नदीपलीकडच्या लहान विमानतळावर हवामान पाहते. यंत्रं आहेत, तरी गच्चीवर उभं राहून दूरचं किती दिसतं ते डोळ्यांनी पाहायचं आणि कळवायचं, हे तिचं काम. शेतापलीकडची पाण्याची टाकी दिसली, तरच विमान उतरतं.

त्या जानेवारीच्या सकाळी टाकी दिसत नव्हती. येणाऱ्या छोट्या विमानात तिचा धाकटा भाऊ विक्की होता. त्याला घ्यायला आमचे शेजारी आसारामकाका माझ्या मोटारसायकलवर आले होते. ते फाटकाबाहेर थांबले, मी गच्चीवर गेलो.

धुक्यात विमानाचा आवाज फिरत होता.

विमान कंपनीचा कमलेश वर आला.

"मॅडम, टाकी दिसते म्हणून सांगून टाका ना. पायलट पाहून घेईल. तुमचाच भाऊ आहे वर."

"भाऊ नसता तरी नसती दिसली."

"उघडतेच आता हे."

"उघडलं की सांगीन."

तिने कठडा घट्ट धरला होता. तिने खाली नियंत्रण कक्षाला कळवलं, टाकी दिसत नाही.

तेवढ्यात धुराचा वास आला. तिने वाकून पाहिलं आणि ओरडली, "योगेंद्र, धाव! बाबाले थांबव!"

कुंपणाबाहेर काकांनी शेतातलं भाताचं वाळलं तणस गोळा करून पेटवलं होतं.

"काका, काय करून राहिले?"

"धुक्यात डोंगी चुकली का आमी काठावर जाळ करतो. जाळ पाहून माणूस येते. पोरगं बी येईन."

"धुरानं आणखीच दिसणार नाही, काका!"

ते चपलेनं जाळ तुडवू लागले. "एवढा शिकला तू, आधी सांगाचं नाही का?"

विमानाचा आवाज दूर गेला. मग नाहीसा झाला.

काका शेताच्या बांधावर बसले. ज्योत्सना खाली येऊन आमच्याजवळ उभी राहिली. हातातला फोन वाजला तेव्हा तिने तो उचलून सरळ स्पीकरवर टाकला.

"ताई, नागपूरले उतरवलं आमाले. टाकी दिसत नाही म्हणून कोणं सांगतलं?"

"मी."

विक्की म्हणाला, "बरं केलं. पायलटनं एकदा खाली घेतलं होतं. खिडकीतून पंख बी दिसेना. मंग वरच ओढलं. मी तं डोळे मिटून बसलो."

काकांनी फोन हिसकावला. "आता बसनं ये. अन् खिडकीपाशी बसू नको."

ज्योत्सना हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मीही हसत होतो. का ते मला कळत नव्हतं.

काकांनी घरी फोन लावला. ज्योत्सनाच्या आई सखाबाई पलीकडून ओरडत होत्या. काकांनी फोन कानापासून थोडा लांब धरला.

"उतरलं वं पोरगं, उतरलं. कुठं म्हणजे? जमिनीवर!"