काचेआडचं ऊन

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली, कारण तिच्यातला गाढव मीच आहे.

बाभुळगावात माझं मेडिकल होतं. ललिता शाळेची व्हॅन यवतमाळला न्यायची-आणायची. एक दिवस काउंटरवर येऊन तिनं तोंडावरचा स्कार्फ सोडला. डावा गाल साफ, उजव्यावर काळे डाग.

"काका, सनस्क्रीनच्या दोन ट्यूबा संपल्या. डाग वाढूनच राह्यले. पालक विचारतात, बाईले लागणारा रोग तर नाही? व्हॅन काढून घेतील माह्याकडून."

"नीट लावत नसशील."

"रोज लावून राह्यली न मी!"

"मंग उन्हाचे डाग नाहीच हे. काचेआड बसतेस तू. लिव्हर पाहा." आणि मी लिव्हरचं टॉनिक दिलं. जणू तिचं लिव्हर हातात घेऊन तपासलं होतं.

खरं म्हणजे स्किनच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलं होतं. ते माझ्याकडे नव्हतं. एसपीएफ पन्नासची दुसरी ट्यूब होती. पन्नास म्हणजे पन्नास, म्हणून तीच दिली.

वर मीच डॉक्टरांना फोन लावला. "सर, तुमच्या सनस्क्रीननं काही होत नाही."

"तुम्ही दिलं काय?"

"एसपीएफ फिफ्टी."

"अहो, तो आकडा मुख्यतः उन्हातल्या यूव्हीबी किरणांचा. त्यांनी कातडी भाजते, लाल होते. यूव्हीए किरण खोल जातात, डाग गडद करतात आणि गाडीच्या बाजूच्या काचेतून आत येतात. त्यांच्यासाठी ब्रॉड स्पेक्ट्रम, नाहीतर ट्यूबवर 'पीए' या अक्षरांपुढे तीन-चार प्लसच्या खुणा बघायच्या. फार्मसी शिकलात ना?"

"शिकलो."

"मग?"

ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे असते. उजवाच गाल काळा पडला होता. आणि मी लिव्हर शोधत होतो.

'नवीन माल आला' म्हणत मी तिला योग्य ट्यूब दिली. डाग फिके व्हायला सात-आठ महिने लागले. व्हॅन मात्र पंधरा दिवसांतच दुसऱ्याला दिली गेली.

तेव्हा सनस्क्रीन घेताना आकड्याच्या पुढचंही वाचा. दुकानदार लिव्हरवर गेला, तर दुकान बदला.

शेवटची आली तेव्हा ललिता हसत होती. "काका, तुमच्यामुळं तोंड साफ झालं माह्यं."

चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "दर दोन तासांनी लावत जा."