म्हसोबाशेजारची ओळ

सोलापुरात मी नेमकं काय काम करते हे नातेवाइकांना सांगणं मी केव्हाच सोडून दिलं. मक्यावर संशोधन करते म्हटलं की ज्वारीच्या मुलखातला माणूस दयेने बघतो. इथे मका म्हणजे कोंबडीचं खाद्य, गाईचा मुरघास, नाहीतर लिंबू-मीठ चोळून कोपऱ्यावर मिळणारं कणीस. आत्याने एकदा विचारलं होतं, की त्यात शोधायचं काय उरलंय. प्रश्न वाईट नव्हता. मला उत्तर द्यायला चार वर्षं लागली आणि आलेलं उत्तर बरंचसं आत्याच्याच बाजूचं होतं.

काम असं. कणसात दाणे धरले की बारा-पंधरा दिवसांनी त्यातला कोवळा गर्भ काढायचा. तो तांदळाच्या कणीएवढा असतो. चिमट्याने उचलून काचेच्या बरणीत, साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर ठेवायचा. जेलीत एक औषध घालावं लागतं, त्याने गर्भ रोप व्हायचं विसरतो आणि पिवळट गाठ होऊन नुसताच फुगत राहतो. हे औषध म्हणजे एक जुनं तणनाशक. शेतात गाजरगवत मारतं आणि बरणीत, अगदी नखभर घेतलं तर, मक्याला वाढवतं. मग त्या गाठी दुसऱ्या, आजकालच्या तणनाशकाच्या जेलीवर ठेवायच्या. जवळजवळ सगळ्या तपकिरी होऊन मरतात. एखादी तगते. तिचं रोप करायचं, रोपाचं बी धरायचं, बी शेतात पेरून वरून तेच तणनाशक फवारायचं. मका जगला आणि तण मेलं, तर नातेपुते-टेंभुर्णीकडच्या शेतकऱ्याची खुरपणी वाचली. मका मेला तर पुन्हा चिमटा.

बरण्यांची खोली कायम पंचवीस अंशांवर ठेवावी लागते. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस असतं, तेव्हा आमच्या संशोधन केंद्रातल्या प्रत्येकाला पेशीसंवर्धनात एकाएकी रस निर्माण होतो. हिशेबनीस काका रोज जेवणानंतर "प्रगती बघायला" येत. त्यांच्या मागोमाग बरण्यांत बुरशी येई.

तिसऱ्या वर्षी एक गाठ तगली. एकदा नाही, चार वेळा जेली बदलली तरी तगली. तिची रोपं झाली, रोपांना बी धरलं आणि मी ते ओंजळभर बी घेऊन संचालकांकडे गेले.

आमचे संचालक हुशार होते, पण त्यांना फलकांचं वेड होतं. केंद्राच्या फाटकापासून संडासापर्यंत प्रत्येक गोष्टीवर फलक होता. कोणती ओळ कुठे पेरायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं, नाहीतर जागेचा गुण बियाला चिकटतो, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "चिठ्ठ्या भिशीत टाकतात, मॅडम. तुमची ओळ रस्त्याकडेला घ्या. पाहुण्यांना दिसली पाहिजे."

घेतली. वीस ओळींच्या वाफ्यात आमची शेवटची, रस्त्यालगतची. पलीकडच्या टोकाला तुलनेसाठी साधा मका, मधे केंद्राचे इतर वाण. रस्त्याच्या कडेला, आमच्या ओळीपासून हातभर अंतरावर, एक शेंदूर फासलेला दगड होता. तो केंद्राच्या आधीपासूनचा म्हसोबा. त्याच्यावर मात्र फलक नव्हता.

फवारणी सकाळी सहाला होई, वारा सुटायच्या आत. मी वाऱ्याच्या उलट्या बाजूला, नाकाला रुमाल बांधून, वही घेऊन उभी राही. पाठीवर पंप घेतलेला आमचा फवारणीवाला गडी एकेक ओळ चालत जाई, मी एकेका ओळीपुढे खूण करी. वीस ओळी, वीस खुणा. पंधरा दिवसांत साधा मका पिवळा पडून बसला. बाकीच्या ओळीही बसल्या. रस्त्याकडेची आमची ओळ हिरवीगार. दुसऱ्या हंगामात तिचंच बी, तीच जागा, तोच गडी आणि तोच निकाल.

मग फलक आला. "विष पचवणारा मका." मी म्हटलं, निदान अजून एक हंगाम थांबू या. पण पुण्याहून मोठे पाहुणे येणार होते आणि प्रकल्प पुढे तीन वर्षं चालवायचा की गुंडाळायचा हे ते ठरवणार होते. संचालकांनी त्या ओळीची खास निगा सुरू केली. तण दिसू नये म्हणून दोन बायका खुरपणीला बसवल्या. तणनाशक पचवणाऱ्या ओळीतलं तण खुरप्याने काढायचं, यात काही चमत्कारिक आहे हे मला त्या वेळी जाणवलं नाही. मी हसले तेवढी. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला हसून झालं की विचार झाल्यासारखं वाटतं.

पाहुणे यायला पाच दिवस होते. मी ओळीची उंची मोजायला गेले, तर खुरपणीच्या दोघींतली थोरली तिथे बसलेली. ती अक्कलकोटकडची, घरात कानडी आणि आमच्याशी मराठी बोलणारी, मला अक्का म्हणायची. तिच्या ओच्यात तांदुळजा भरला होता. कोवळा, लाल देठाचा, नुकता खुडलेला. मी घाबरून म्हटलं, की बाई, ही भाजी खाऊ नका, इथे तीन आठवड्यांमागे तणनाशक फवारलंय.

ती शांतपणे खुडत राहिली. "ह्या वळीत न्हाय पडत अक्का औषध. म्हनून तर हितनंच न्हेतो की आमी. मागच्या बारीला बी न्हेली."

मी खाली बसले. मोजपट्टी हातातच राहिली. बाजूच्या ओळीत मातीवर वाळलेल्या काड्या होत्या. या ओळीत तांदुळजा होता, घोळ होती, हराळी होती. मका तणनाशक पचवू शकतो, मी त्यासाठी चार वर्षं घातली होती. पण तांदुळज्याला कोणी बरणीत वाढवलं नव्हतं.

गडी गोठ्याजवळ पंप धूत होता. माणूस पन्नाशीचा, केंद्रातल्या कुणाहीपेक्षा नेमाने कामावर येणारा. मी विचारलं, की शेवटच्या ओळीत फवारा चालू असतो ना. त्याने आधी पंप पालथा घातला, मग हात पुसले.

"न्हाय म्याडम. तितं पंपाचा खटका सोडतो मी, फवारा बंद. देवाच्या अंगावर इख मारायचं व्हय?"

म्हटलं, पण तुम्ही त्या ओळीतून चाललात. मी बघितलं. पंपाचा दांडाही हलत होता.

"चाललो की. तुमी तितं उभ्या, वहीत खुना करत हुता. एक वळ सोडली असती तर तुमचा मेळ चुकला असता."

त्याने माझ्या वहीची काळजी घेतली होती. वीस ओळी, वीस खुणा. मी रागावणार होते, पण कोणावर, हे ठरेना. त्याच्या वडलांनीही याच दगडापाशी हात आखडता घेतला होता, हे त्याने सांगितलं आणि हेही, की कोणी विचारलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. ते खरं होतं. आम्ही त्याला औषधाचं माप विचारलं, पाण्याचं विचारलं, नळी गळते का ते विचारलं. देवाचं विचारायचा रकाना आमच्या वहीत नव्हता.

संचालकांकडे जाताना मी दोनदा चहा घेतला. सगळं ऐकून त्यांनी खिडकीबाहेर, फलकाकडे बघितलं. मग म्हणाले, पाहुणे जाऊ देत, मग फवारू. मी म्हटलं, आजच फवारू या, मला आजच कळायला हवं. ते म्हणाले, मॅडम, तीन वर्षांचा प्रश्न आहे. मी म्हटलं, साहेब, चार वर्षांचा. तेव्हा मला एकदम सुचलं, की हे औषध सावकाश मारतं.

"आज फवारलं तरी पाचव्या दिवशी ओळ हिरवीच असेल. पिवळी पडायला आठ-दहा दिवस लागतात."

त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तसा मी कोणत्याही शोधनिबंधाने पडलेला पाहिलेला नाही. त्यांनी लगेच परवानगी दिली. माझी अट एकच होती, की पाहुण्यांना ओळ सिद्ध झाली असं सांगायचं नाही. तपासणी चालू आहे असं सांगायचं. ते म्हणाले, "तेच तर सांगणार." फलकाचं मी काही बोलले नाही. तेवढा शूरपणा माझ्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी म्हणाला, फवारतो, पण आधी नारळ फोडावा लागेल आणि देवाला झाकावं लागेल. भांडारातून काहीही घ्यायचं तर मागणीपत्र लागतं. मी लिहिलं, "नारळ, नग एक. प्रयोगासाठी." भांडारपालाने कारण विचारलं नाही. पूर्वी एका शीतपेटीच्या उद्‌घाटनाला त्याने पाच दिले होते. गड्याने नारळ फोडला, दगडापुढे हात जोडून पुटपुटत काहीतरी समजावलं आणि त्याच्यावर घमेलं पालथं घातलं. मी ओळीशेजारी साध्या मक्याच्या दोन कुंड्या मांडल्या. या वेळी मी वाऱ्याच्या उलट बाजूला गेले नाही, गड्याच्या मागोमाग चालले. पानं ओली होत होती. पुढे ती खुरपणीवाली बाई उभी होती. औषध पडायच्या आत तिने उरलेला तांदुळजा सगळा खुडून घेतला होता.

पाहुणे आले. फेटे झाले, सोलापुरी चादरी झाल्या, माझ्या वाट्याला एक टॉवेल आला. भाषणात संचालकांनी "तपासणी चालू आहे" हे तीन शब्द कबूल केल्याप्रमाणे उच्चारले, पण इतक्या हळू, की लाऊडस्पीकरलाही कळले नसावेत. मग सगळे ओळीपाशी गेले. पाहुणे मक्याच्या मधोमध उभे राहिले, फोटो झाला. मागे फलक, बाजूला म्हसोबा, आता उघडा.

पाहुणे मात्र शेतकऱ्याच्या घरचे निघाले. त्यांनी वाकून माती बघितली, गड्याकडे वळून सरळ विचारलं, इथे खरंच फवारलंय का. संचालक आकाशाकडे बघू लागले.

"व्हय साहेब," गडी म्हणाला. "चार दिस झालं. देवाला इचारून."

पाहुणे मान डोलावून पुढे गेले. मोठ्या माणसांना खरं सांगितलं तर ते बहुधा त्याला नम्रता समजतात.

आठव्या दिवशी शेंड्याच्या पोंग्यातलं कोवळं पान फिकं पडलं. मी मनाशी म्हटलं, पाणी कमी झालं असेल. दहाव्या दिवशी कुंड्यांतला मका आणि ओळीतला मका, कोणता कोणता ते ओळखू येईना. पंधराव्या दिवशी ओळ संपली. एकही रोप राहिलं नाही. बरणीतल्या त्या गाठीला विषाची सवय झाली होती, बस. सवय बियांत उतरत नाही. आम्हा सगळ्यांना भाषणांची झाली आहे, पण आमची मुलं जन्मतः भाषणं पचवणारी निघालेली नाहीत. हे आधीही अनेकांच्या बाबतीत झालेलं आहे, मी वाचलं होतं. वाचलेलं आणि आपल्या ओळीत घडलेलं यांत मात्र फरक असतो. त्या दुपारी मी पंचवीस अंशांच्या खोलीत जाऊन बसले. हिशेबनीस काका आले, माझ्याकडे बघितलं आणि प्रगती न विचारता गेले.

अहवाल मी लिहिला तसा पाठवला. खटका, घमेलं, तांदुळजा, सगळं. नारळ संचालकांनी खोडला, बाकी राहू दिलं. प्रकल्प बंद झाला नाही. तीनऐवजी एक वर्ष मिळालं. शेरा होता की तुलनेची मांडणी सुधारावी, न फवारलेली ओळही ठेवावी. कुठल्याही धड प्रयोगात अशी एक ओळ लागतेच, आणि आमच्यात ती कागदावर नव्हती.

आता ओळी चिठ्ठ्या टाकून पेरतो. संचालक स्वतः चिठ्ठ्या उचलतात, फोटोसह. रस्त्याकडेची तेवढी चिठ्ठीत नसते. तिथे साधा मका असतो आणि फवारताना गडी तिकडे फिरकत नाही. चालण्याचं नाटकही करत नाही. मी वहीत त्या ओळीपुढे खूण करत नाही. विष पचवणाऱ्या मक्याचा फलक उलटा करून आता बरण्यांच्या खोलीचं दार अडवायला वापरतो.

परवा ती बाई तिथून भाजी खुडत होती. मला बघून म्हणाली, की अक्का, थोडी न्हेता का, औषध न्हाय हितं. म्हटलं, माहीत आहे, अहवालात लिहिलंय. तिने माझ्या खांद्यावरच्या टॉवेलात, त्या सत्काराच्याच, दोन मुठी तांदुळजा बांधून दिला. रात्री लसणाची फोडणी दिली. चांगला झाला होता.